वेळापूरचा उतार

दिवाळीच्या सुट्टीत सहलीला कुठे जायचे, हा प्रश्न ज्या घरात एका बैठकीत सुटतो, ते घर मला अद्याप पाहायचे आहे. आमच्याकडे हा विषय चकलीची भाजणी दळून येण्याच्या सुमारास निघतो आणि डब्यातला शेवटचा लाडू संपेपर्यंत चालू राहतो. तोवर सुट्टी संपलेली असते. मग 'पुढच्या वर्षी नक्की' असा ठराव एकमताने मंजूर होतो आणि मंडळी आपापल्या कामाला लागतात.

यंदाही तसेच व्हायचे. आमच्या नववीतल्या कन्येला आणि चौथीतल्या चिरंजीवांना पाण्याच्या घसरगुंड्या हव्या होत्या. चिरंजीवांच्या वर्गातला एक मुलगा अकलूजचे सयाजीराजे पार्क पाहून आला होता आणि त्याने केलेल्या वर्णनापुढे मी वर्गात शिकवतो ती सारी प्रवासवर्णने फिकी पडावीत! सौ.ची अट एकच होती, तिथे तिला स्वयंपाकघराचे दार दिसता कामा नये. माझ्या मनात मात्र वेगळेच होते. अकलूजपासून दहाबारा किलोमीटरांवर वेळापूर आहे आणि तिथे यादवकाळातले मराठी शिलालेख आहेत. गेली बावीस वर्षे मी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना जुनी मराठी शिकवतो. वेळापूरचे नाव फळ्यावर लिहिता लिहिता कितीतरी खडू झिजले. पण तो दगड मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवली आहे, तरी वाचकांनी ती आपल्यापाशीच ठेवावी.

आई कोपऱ्यात बसून शेंगा निवडत होती. ती शहात्तर वर्षांची आहे. सहलीच्या चर्चेत ती सहसा भाग घेत नाही. 'मी घर राखीन' एवढेच तिचे ठरलेले भाषण असते. पण वेळापूरचे नाव ऐकून तिचे हात थांबले.

"वेळापूरला जाणार असलात तर मला तो उतार दाखवशील का रे?"

"कोणता उतार, आई?"

"तुझे अण्णा पळायचे तो."

क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग सौ.च म्हणाली, "ठरलं तर. अकलूज, वेळापूर आणि पंढरपूर. तीन दिवस." आमच्या घराण्याच्या इतिहासात एवढ्या लवकर ठरलेली ही पहिली सहल!

त्या उताराची हकीगत सांगायला हवी. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. वर्षभर रजा साठवून ते आषाढात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जात. परत आले की आठ दिवस आमच्या घरात वारीच चाले. कोणत्या गावी पिठलेभाकरी मिळाली, कुठे पावसाने झोडपले, रिंगणात माउलींचा अश्व कसा दौडला, हे सारे ते आईला सांगत आणि आई चुलीपुढे बसून ऐकत असे. त्यांतली अण्णांची सर्वांत आवडती कथा वेळापूरच्या धाव्याची. माळशिरसहून निघालेली पालखी खुडूसच्या पुढे एका चढावर येते. तुकाराम महाराजांना तेथून पंढरीचा कळस दिसला आणि ते देहभान विसरून धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणून आजही सारे वारकरी त्या ठिकाणी धावतात. त्या जागेला धावाबावी म्हणतात. शाळेत मुलांना 'पळू नका रे' म्हणून दटावणारे आमचे अण्णा तिथे पोरासारखे पळत सुटत!

आई मात्र कधी गेली नाही. आधी आम्ही भावंडे लहान होतो, मग आजीचे आजारपण निघाले, मग बहिणीचे लग्न. दर वर्षी अण्णा टाळ पिशवीत घालताना म्हणत, "पुढच्या वर्षी तुला नेतो." ते निवृत्त झाले तेव्हा आईचे गुडघे निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. ते पुढचे वर्ष काही आले नाही.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुण्याहून मोटारीने निघालो. सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा ओलांडून लोणंद, पुढे तरडगाव आणि फलटण, अशी ही वाट. हाच माउलींच्या पालखीचा मार्ग. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. पालखीला ज्या वाटेवर पंधरा दिवसांहून अधिक लागतात, ती आम्ही सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत संपवणार होतो. आता हा राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. २०२१च्या नोव्हेंबरात त्याच्या रुंदीकरणाची कोनशिला बसली, आणि आज त्याचा बराचसा भाग पाहून जुन्या वारकऱ्याला आपण वाट चुकलो असे वाटावे.

कन्येने हातातल्या फोनवर नकाशा लावला होता. त्यातली बाई पुढच्या गावाचे नाव सांगे. पण तिच्या आधी आई सांगे! "आता चांदोबाचा लिंब येईल. तिथं पहिलं उभं रिंगण. मग तरडगाव. फलटण झालं की बरड, मग नातेपुते. नातेपुत्याच्या पुढं सदाशिवनगर, तिथं गोल रिंगण." जिने ही वाट जन्मात पाहिली नव्हती, तिला प्रत्येक मुक्काम तोंडपाठ होता. शेवटी कन्येने फोन बंद केला आणि म्हणाली, "आजी, तूच सांग." मी समोर रस्त्याकडे पाहत गाडी चालवत राहिलो.

खुडूस मागे पडले. मी गाडी हळू केली. पण रुंद रस्त्यावर चढ कोणता आणि उतार कोणता, हे उमगेना. रस्ता करणारी यंत्रे चढउतार ठेवत नाहीत. शेवटी एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. टपरीवाल्या म्हाताऱ्याने हातातली किटली खाली ठेवली आणि आमच्याकडे न पाहता थेट आईकडे पाहिले.

"माउली, वारीला होता का कधी?"

"नाही बाबा. मालक होते."

"मग या इकडून," म्हणून तो स्वतः चार पावले पुढे आला आणि रस्त्याच्या कडेची मोकळी जागा त्याने दाखवली.

उतार म्हणावा असे तिथे फारसे काही नव्हते. चिरंजीव निराश होऊन म्हणाले, "एवढासाच?" मलाही तेच वाटले होते, पण प्राध्यापकाला असे बोलता येत नाही. आई बराच वेळ पाहत उभी होती. दूरवर उसाचे हिरवे पट्टे होते, त्यांत एका कारखान्याची चिमणी धूर सोडत होती. कळस काही दिसत नव्हता.

"तुझे अण्णा सांगायचे तेव्हा मला मोठा डोंगर वाटायचा," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "बरं झालं. एवढासाच आहे तर मलाही जमेल."

तिने कन्येचा हात धरला आणि ती चालू लागली. चाल जराशी वाढली. दहापंधरा पावले ती खरोखरच लगबगीने गेली. चिरंजीव तिच्या पुढे हुर्रे करीत धावले, सौ. पदर खोचून मागे. आणि मी? मी वर मोटारीपाशी तिघींच्या पर्सा, पाण्याच्या बाटल्या आणि आईचा चष्मा सांभाळत उभा होतो. त्या क्षणी माझ्या हाती दुसरे काही येण्याची माझी लायकी नव्हती, हे मला पुढे तासाभराने कळले.

वेळापूर हे गाव तसे लहान, पण वय विचाराल तर मोठ्या शहरांनी नमस्कार करावा असे. गावातले अर्धनारीनटेश्वराचे देऊळ यादवकालीन आहे. आपण ज्याला हेमाडपंती म्हणतो त्या घडणीचे. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर महाराष्ट्राने अशी किती देवळे घातली आहेत याची गणती नाही. देवळासमोर दगडी पायऱ्यांचे कुंड आहे. बाहेरच्या उन्हातून आत आलो की त्या दगडांचा गारवा पायांना लागतो.

मुलांना देऊळ दाखवायचे तर वीरगळांपासून आरंभ करावा, असा माझा अनुभव आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड. वेळापूरला ते मुबलक आहेत. मी चिरंजीवांना सांगितले, "हे चित्रांचे पुस्तक आहे. मात्र खालून वर वाचायचे." सर्वांत खालच्या चौकटीत वीर लढतो आहे किंवा पडला आहे. कुठे कुठे त्याच चौकटीत गाईही असतात. चोरांनी नेलेली गुरे सोडवताना तो पडला असा त्याचा अर्थ. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाला नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. चिरंजीवांनी हे शास्त्र दोन मिनिटांत आत्मसात केले आणि पुढचा अर्धा तास ते आम्हालाच प्रत्येक दगड वाचून दाखवत होते. एका वीराचे नावही आज कोणाला ठाऊक नाही. पण पुण्याच्या एका चौथीतल्या मुलाने त्याची लढाई वाचली, हे काही थोडे नव्हे.

मग माझी पाळी आली. शिलालेखासमोर उभा राहून मी घसा साफ केला. हे लेख देवगिरीचा यादव राजा रामचंद्रदेव याच्या काळातले. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, आणि ज्ञानदेवांनी तिच्या अखेरीस याच राजाचा उल्लेख केला आहे. वेळापूरचे लेख त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांतले. मधल्या काळात १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला होता. राजधानीचा पाया हादरला होता. आणि इकडे या आडगावी कोणी अधिकारी देवळामठाच्या कामाची नोंद शांतपणे दगडावर कोरून घेत होता, तीही मराठीत! डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून आम्हा मराठीच्या मास्तरांची अशा दगडांशी ओळख घरबसल्या होते. घरबसल्या ओळखीचा तोटा असा की दगड समोर आला की ओळख पटत नाही. मी वाचू लागलो. राजाचे नाव लागले, पुढे झिजलेल्या अक्षरांत गाडी रुतली. "बाबा, खालून वर वाचा," चिरंजीवांनी सल्ला दिला.

गाभाऱ्यात आई आमच्या आधीच जाऊन बसली होती. इथे एक मौज आहे. देवाचे नाव अर्धनारीनटेश्वर. अर्धे अंग शिवाचे, अर्धे पार्वतीचे, अशी एकच मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे येते. पण वेळापूरची मूर्ती तशी नाही. इथे शिव आणि पार्वती अशी दोघे एकमेकांना बिलगून बसलेली आहेत. मूर्तिशास्त्राच्या भाषेत ही उमामहेश्वराची, हरगौरीची मूर्ती म्हणावी लागेल. चैत्रात इथे यात्रा भरते आणि या दोघांचे लग्न लावतात. मी हा भेद आईला समजावून सांगू लागलो की नाव एक आणि मूर्ती दुसरी, असे का झाले असावे, वगैरे.

आईने माझे व्याख्यान पुरते ऐकले नाही. ती मूर्तीकडेच पाहत म्हणाली, "अर्धं कोण आहे इथं? दोघंही पुरती आहेत की. आणि देव बघ, बायकोला शेजारी घेऊन बसलाय. तुझे अण्णा मात्र एकटेच जायचे."

हे ती रागाने बोलली नाही. तक्रार म्हणूनही बोलली नाही. बाजारात शेंगांचा भाव सांगावा तसे सहज बोलली. पण मी गप्प झालो. आजवर अण्णांची वारी ही आमच्या घरातली एक पवित्र गोष्ट होती. त्या वारीला घरात राहिलेले एक माणूस होते, आणि तिच्याही मनात एक उतार होता, हे मला कधी सुचले नव्हते.

मी नकळत सौ.कडे पाहिले. ती हसत होती. ते हसणे मला ओळखीचे होते. साहित्यसंमेलने, चर्चासत्रे, उन्हाळी शिबिरे यांना गेली पंधरा वर्षे मी एकटा जात आलो आहे. दर वेळी बॅग भरून देताना ती विचारते, "तिथं काय काय पाहण्यासारखं आहे?" आणि मी सांगत असतो, "पुढच्या वेळी तुलाही नेईन." शब्दसुद्धा वडिलांचेच! वारसा म्हणतात तो असा.

मुक्काम अकलूजला केला. नीरेच्या काठचे हे गाव आज ऊस, केळी आणि सहकार यांसाठी प्रसिद्ध आहे. एकेकाळी हा सारा मुलूख दुष्काळी होता. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले, नीरेचा उजवा कालवा माळशिरस तालुक्यात आला आणि माळरानाचे नशीब पालटले. सासवडच्या माळी समाजातले शेतकरी इकडे आले, त्यांनी जमिनी कसल्या आणि १९३०नंतरच्या दशकात स्वतःचा साखर कारखाना उभा केला. त्या गावाचे नावच माळीनगर. मुलांना साखर कुठून येते हे विचाराल तर ती 'दुकानातून' म्हणून सांगतात. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा त्यांना इकडे आणावे. उसाने भरलेल्या गाड्या, हवेत मळीचा तो उग्र गोड वास, बांधावर ऊसतोड कामगारांच्या पालांतून निघणारा धूर, हे सारे त्यांनी पाहावे. त्या पालांत त्यांच्याच वयाची मुले राहतात, हेही पाहावे. आमची कन्या एका पालापुढे धाकट्या भावाला खेळवणाऱ्या मुलीकडे बराच वेळ पाहत होती. गाडीत बसल्यावर तिने विचारले, "हिची शाळा कुठं असेल?" मी माझ्या परीने उत्तर दिले, पण ते तिला पटले नाही; मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठचा किल्ला पाहिला. तटाच्या आत आता शिवसृष्टी उभी केली आहे. शिवरायांच्या जीवनातले प्रसंग पुतळ्यांतून मांडले आहेत. मुलांना ती पाहताना इतिहासाचे पुस्तक आठवते आणि मोठ्यांना चौथीचे गुरुजी. पण तटावर उभे राहून मी मुलांना एक गोष्ट सांगितली, ती पुतळ्यांची नव्हे. १६८९ सालच्या आरंभी संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले, तेव्हा औरंगजेब बादशहाची छावणी या अकलूजलाच होती. इथे ती बातमी आली आणि बादशहाने बहादूरगडाकडे कूच केले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. चिरंजीवांनी खाली नीरेच्या पाण्याकडे पाहिले. "म्हणजे हीच नदी?" हीच नदी, मी म्हणालो. त्यानंतर पाच मिनिटे ते काही बोलले नाहीत. आमच्या घरात हा एक विक्रम आहे.

गावची देवी अकलाई. तिचे दर्शन घेतले आणि मग ज्याच्यासाठी मुलांनी दोन दिवस देवळे सोसली त्या सयाजीराजे पार्काकडे मोर्चा वळवला. पाण्याच्या घसरगुंड्यांचे वर्णन मी काय करणार? उंच जिना चढायचा, वर उभे राहून खाली पाहायचे, मनात देवाचे नाव घ्यायचे आणि अंग सोडून द्यायचे. बाकीचे काम पाणी आणि गुरुत्वाकर्षण करतात. कन्या आणि चिरंजीव वीस वेळा घसरले असतील. सौ. तिसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर गेली आणि मग तिला उतरवणे कठीण झाले. मी काठावर टॉवेल सांभाळत होतो. आई सावलीत खुर्चीवर बसून पाहत होती. एकाएकी ती म्हणाली, "अरे, तू काय कालच्यासारखा सामान राखतोयस? दे ते टॉवेल इकडे. तुझे अण्णा असते तर सगळ्यांच्या आधी घसरले असते."

मग मी गेलो. जिना चढताना माझ्या पुढे दोन महाविद्यालयीन तरुण होते. ते माझे विद्यार्थी नसोत अशी प्रार्थना केली. खाली येताना मी ओरडलो असे चिरंजीव सांगतात. मला ते आठवत नाही. खाली पाण्यातून डोके वर काढले तेव्हा एवढेच दिसले की आई खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवीत होती.

तिसरा दिवस पंढरपूरचा. वेळापूरपासून ते पस्तीसेक किलोमीटरांवर आहे. दिवाळी संपून कार्तिकी अजून आली नव्हती, म्हणून गर्दी बेताची मिळाली. पंढरपूरबद्दल मराठी वाचकाला मी नवे काय सांगावे? मुले बरोबर असतील तर कैकाडी महाराजांचा मठ चुकवू नये एवढे सांगतो. नागमोडी वाटेने चालत जायचे आणि दोन्ही बाजूंना देव, संत आणि देशभक्त यांचे पुतळेच पुतळे पाहायचे. परदेशी तऱ्हेची उद्याने आपल्याकडे निघण्याच्या कितीतरी आधी एका कीर्तनकाराच्या मठाने ही कल्पना आपल्या पद्धतीने साकारली होती. यमाई तलावाजवळ वनखात्याने केलेले तुळशी वृंदावन हे नवे उद्यान आहे. संध्याकाळी तिथे लहान मुलांना मोकळे सोडता येते.

नामदेव पायरीशी चोखोबांच्या समाधीला हात लावून आम्ही आत गेलो. विठोबाचे दर्शन झाले. मग मागच्या अंगाला रखुमाईचे. तिचे देऊळ वेगळे आहे, हे आपण सारे जाणतो. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि तिची समजूत काढण्यासाठी देव तिच्या मागे आला, अशी कथा सांगतात. आईने रखुमाईच्या पायांवर डोके ठेवले आणि ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथे थांबली. बाहेर आल्यावर चिरंजीवांनी विचारले, "आजी, देवीशी काय बोललीस?"

"काही नाही रे. म्हटलं, वेळापूरची दोघं शेजारी बसलीत, तुम्हीही आता रुसवा सोडा." आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखे, "मी सोडला."

आता ज्यांना ही सहल करायची आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. दिवस दोन असतील तर वेळापूर आणि अकलूज पुरे. तिसरा मिळाला तर पंढरपूर. चौथा हाताशी असेल तर दोन वाटा आहेत. नातेपुत्याहून शिखर शिंगणापूरला जावे. तो भोसले घराण्याच्या कुलदैवताचा डोंगर आणि मालोजीराजांनी बांधलेला तलाव. किंवा अकलूजहून नीरा नरसिंहपूर गाठावे. तिथे नीरा आणि भीमा यांचा संगम आहे आणि उंच घाटावर नरसिंहाचे देऊळ. हिवाळ्यात येणार असाल तर उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी उतरतात. भिगवणला होडीतून ते पाहता येतात. आषाढात ही वाट वारकऱ्यांची असते, तेव्हा मोटार घरी ठेवून पायी यावे. उन्हाळ्यात पार्कात मजा, पण देवळांच्या फरशीवर पाय भाजतात. दिवाळी ते माघ हे दिवस उत्तम. मात्र हंगामात रात्री मोटार चालवू नये. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असे नाही. वेळापूरच्या देवळात वीरगळांवर मुलांना बसू देऊ नये. ती बाके नव्हेत. जेवणाचे म्हणाल तर कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वांग्याची भाजी मागावी. थंडीत ओळखीच्या कोणाचे शेत असेल तर हुरडा.

आणि शेवटची गोष्ट. घरात कोणी 'मी घर राखीन' म्हणणारे माणूस असेल तर त्याला आधी गाडीत बसवावे आणि मगच कुलूप लावावे. घराला काही होत नाही.

परत आलो तेव्हा दारात टपाल पडले होते. त्यात एका चर्चासत्राचे निमंत्रण होते. यादवकालीन मराठीवर निबंध वाचायचा, दोन दिवस मुक्काम, येण्याजाण्याचा खर्च मिळेल, आणि एका व्यक्तीची राहण्याची सोय केली जाईल. मी त्याच संध्याकाळी उत्तर लिहिले. निबंध वाचीन, खर्च एकाचाच द्यावा. मात्र खोली दोघांची हवी. पत्र मिटण्याआधी सौ.ला दाखवले. तिने ते दोनदा वाचले आणि विचारले, "तिथं काय काय पाहण्यासारखं आहे?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "तूच बघून मला सांग."

आयोजकांचे उत्तर अद्याप यायचे आहे.